एक तिचा

४ तारीख, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलंय. बोलायला कुणी नाही, आणि जे बोलायला येतात ते मला नको आहेत.

आत्या जाऊन अकरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत लोक तिच्याबद्दल इतकं गोड बोललेत की दुसरीच कुणी गेली असावी असं वाटतं. "किती शांत होत्या हो!" शांत? कात्री जागेवर नसली तर तिचा आवाज कोपऱ्यावरच्या बेकरीत ऐकू जायचा. "कधी कुणाला दुखावलं नाही." मला दिवसातून चारदा दुखवायची. मला ती आत्या हवी आहे आणि लोक मला भलतीच देऊन जातात.

साहेबांकडे महिन्याची रजा मागितली तर म्हणाले, "आत्यासाठी महिनाभर?" जणू आत्याला तीन दिवस आणि आईला तेरा असा काही दर ठरलेला आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबा सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मी आत्याच्या दुकानात, शिलाईच्या टेबलाखाली वाढले. हे साहेबांना सांगितलं नाही. "हो, आत्यासाठी," एवढंच म्हटलं.

रजेचं कारण साधं आहे. बायकांच्या एका गायनवृंदाची नऊ निळी जाकिटं आत्याने घेतली होती. दोन शिवून दिली आणि गेली. अठ्ठावीस तारखेला त्यांचा कार्यक्रम आहे. उरलेली सात मी शिवणार. तिचं शेवटचं काम दुसऱ्या शिंप्याच्या हातात जाऊ देणार नाही.

५ तारीख, बुधवार

दुकान उघडलं. एकच खोली, पण आवरायला घेतली की संपत नाही. टेबल, मशीन, इस्त्री, भिंतीवर कात्र्या, खिडकीत बटणांचे डबे. टेबलाच्या कोपऱ्यात 'पैलवान' बसलेला. हे माझं लहानपणीचं कापडी अस्वल. मी मोठी झाल्यावर आत्याने त्याला टाचण्या टोचायला ठेवलं. डोक्यात, पोटात, दोन्ही खांद्यांत टाचण्या. छातीवर मात्र एकही नाही, कारण तिथे त्याचं पितळी पदक आहे. आत्यानेच करून लावलं असणार. तिला असले उद्योग सुचायचे.

ड्रॉवरमध्ये दोन नव्याकोऱ्या मापाच्या टेप सापडल्या, वेष्टणसुद्धा काढलेलं नाही. म्हणजे नवी टेप घरात असताना ही बाई जन्मभर त्या जुनाट पिवळ्या टेपने मापं घेत राहिली! मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, वजनं, मापं तपासणं हे माझं काम, आणि माझ्याच घरात कधीही न तपासलेली टेप. कितीदा म्हटलं, "दे एकदा, तपासून आणते." तर गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरायची. "माझ्या टेपला हात लावायचा नाही, इन्स्पेक्टरीणबाई."

खरंच कधी लावू दिला नाही. मला मशीन शिकवलं, काज शिकवलं, बाही चढवायला शिकवलं. कापायलाही शिकवलं, पण रेघ तिची. माप घेणं आणि रेघ मारणं हे तिने कधी माझ्याकडे दिलं नाही. मला वाटतं माझ्यावर विश्वास नव्हता. हे लिहितानाही राग येतोय.

७ तारीख, शुक्रवार

मापाची वही बघितली. जाड, कोपरे दुमडलेली, आणि ही काही पहिली नाही, अशा सहा आहेत. प्रत्येक गिऱ्हाईकाला एक पान. अक्षर शेवटपर्यंत टाक्यासारखं बारीक.

टेप माझी वापरणार, खात्याचा शिक्का मारलेली. आत्याची टेप आत्याबरोबर गेली. शेवटचा निरोप देताना मीच ती तिच्या हातात ठेवली. गुंडाळी करून रबर लावलेली होती, तशीच ठेवली. बाबा हळूच म्हणाले, "राहू दे की ती. कामाला येईल." मी त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. "तिची होती, तिच्याबरोबर जाईल!" सगळ्या निरोपात तेवढी एकच गोष्ट मी मनासारखी केली आणि तिचा मला आनंद आहे.

कापायची तिची पद्धत मला पाठ आहे. वहीतला आकडा मोठ्याने वाचायचा, मग पुटपुटायचं, "एक तिचा," आणि रेघ. "छाती सदतीस. एक तिचा." पुढचं काही कळायचं नाही, कारण तोंडात टाचण्या. म्हणजे गिऱ्हाईकाला श्वास घ्यायला एक इंच मोकळा. लहानपणी विचारलं होतं, "कुणाचा एक?" तर म्हणाली, "जिचा तिचा." बेकरीवाल्याची पँट कापतानाही 'तिचा'च म्हणायची. सवय.

१० तारीख, सोमवार

सातही जाकिटं एकदम कापली. आकडा वाचायचा, 'एक तिचा' म्हणून एक मिळवायचा, रेघ मारायची. दोन दिवसांचं काम एका दिवसात झालं. आत्या असती तर म्हणाली असती, "कापड काय पळून चाललंय का?"

शेजारच्या गाळ्यात काजं करणाऱ्या काकू बसतात. तीस वर्षांपासून आत्याच्या शेजारीण. दारातून डोकावून म्हणाल्या, "सगळी एका दमात कापलीस? अगं, मापं बघून कापलीस ना?" मी म्हटलं, "काकू, मापं बघणं हाच माझा धंदा आहे." गेल्या.

१४ तारीख, शुक्रवार

गाणाऱ्या बाई जाकीट घालून बघायला आल्या. या वृंदाच्या मुख्य, आत्याची मैत्रीण. घातलं आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे कोपराकडे निघालेले. बाह्यांतून बोटांची फक्त टोकं दिसत होती. शेवटी म्हणाल्या, "हे जाकीट मला कुणीतरी बक्षीस दिल्यासारखं वाटतंय गं."

मी म्हटलं, "तुम्ही बारीक झाल्या असाल."

"तीन आठवड्यांत? खाऊन खाऊन मी..." आणि हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. टाचण्या लावून बघितलं. छातीत दोन इंच जास्त, खांद्यात दोन, बाहीत दोन. म्हणजे 'एक तिचा' चुकला. तो इंच नव्हताच मिळवायचा. मग बाई रोज काय पुटपुटत होती? माझ्यासमोर तीस वर्षं पुटपुटली आणि एकदा नीट सांगता आलं नाही!

बाई निघून गेल्यावर काकू आल्या. "अगं, तुझ्या आत्याची ती टेप ना..." म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, "काकू, पाया पडते, मला आता कुणाच्याही आठवणी ऐकायला वेळ नाही." त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि गेल्या. चहा गार झाल्यावर प्यायले.

१५ तारीख, शनिवार

टाचण्या दोन इंच म्हणत होत्या, पण मी वहीतल्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि मी मिळवलेला तेवढा एक इंच सगळीकडून काढला. उसवणं म्हणजे केलेलं काम न केल्यासारखं करणं, त्यात हात चालतो पण जीव जातो. दुपारी गाणाऱ्या बाईंना पुन्हा बोलावलं. पुन्हा सैल. नेमका एक इंच.

"आता कसं, जरा बरंय," त्या म्हणाल्या. जरा बरं! आत्याने शिवलेली ती दोन जाकिटं घालून दोघी जणी रोज सरावाला जातात, आणि ती अशी बसलीत की जणू अंगासकट शिवली. माझी मात्र 'जरा बरी'. डोक्यात तिडीक गेली. पैलवानाला इतक्या जोरात टाचणी मारली की ती वाकली.

१७ तारीख, सोमवार

सातही जणींना बोलावून पुन्हा मापं घेतली. वहीत गाणाऱ्या बाईंची छाती एकोणचाळीस, माझ्या टेपने अडतीस. खांदा वहीत साडेपंधरा, खरा साडेचौदा. बाही वहीत तेवीस, खरी बावीस. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. सातही जणींचं सगळं एकेक इंच जास्त.

म्हणजे काय ते उघड आहे. शेवटच्या महिन्यात आत्याची नजर गेली होती. तिने कुणाला कळू दिलं नाही. मलाही नाही. दर रविवारी मी येत होते, चहा पीत होते, आणि मला दिसलं नाही की हिला दिसत नाही. ती दोन जाकिटं तिने आधी, डोळे ठीक असताना मापली असतील.

गाणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिची चूक? शक्य नाही. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची ती."

मी चिडलेच होते. सातही जणींसमोर म्हटलं, "चूक तिचीच आहे. वही बघा, टेप बघा. शेवटी तिला दिसत नव्हतं, हात गेला होता तिचा. तुम्हाला मैत्रीण म्हणून वाईट वाटतंय, पण माप माप असतं."

एकीने पर्स उघडून उगाचच बंद केली. खरं तेच बोलले, तरी घरी येताना तोंडाला कडू चव होती.

१८ तारीख, मंगळवार

बेकरीवाला आला आणि पँटचं कापड परत मागायला लागला. आत्याने त्याचं माप घेऊन ठेवलं होतं.

"मी शिवून देते ना," म्हटलं.

"नको ताई. म्हातारीचा हात गेला होता म्हणे शेवटी. मापंच चुकीची आहेत सगळी."

"कोण म्हणालं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच म्हणालात की. गायनवाल्या बायका बोलत होत्या दुकानात."

कापड घडी घालून दिलं. त्याच्या मागून आणखी दोघं आले. एका बाईने तर वहीतलं तिचं पान फाडून मागितलं. मी दिलं नाही. अकरा दिवस लोक तिला गोड बोलून पुसत होते तेव्हा मी चिडत होते, आणि तिच्या हाताचं नाव मी एका वाक्यात घालवलं. बाबांना सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडाने?

२० तारीख, गुरुवार

शिवणात लक्ष नाही. सकाळी कपाटातून माझा कोट काढला. खात्यात पहिल्या दिवशी रुजू झाले तेव्हा आत्याने शिवलेला राखाडी कोट. चौदा वर्षं झाली, अजून घालते, अजून खांद्यावर तसाच बसतो. सहज म्हणून जुन्या वहीत माझं पान शोधलं. वर तिच्या अक्षरात 'इन्स्पेक्टरीणबाई'.

खांदा साडेपंधरा.

कोटावर टेप लावली. साडेचौदा. माझ्या खांद्यावर लावली. साडेचौदा.

चौदा वर्षांपूर्वी तिची नजर गरुडासारखी होती. मग पानं उलटत बसले. जे जे कपडे घरात सापडले ते मोजले. बाबांचा शर्ट, माझे दोन झगे. वहीत एक जास्त, कपड्यात बरोबर. पहिल्या वहीपासून. प्रत्येक पानावर.

आणि मी, वजनमाप खात्याची निरीक्षक, कपाळावर हात मारून बसले. नजर गेलेल्या माणसाची चूक कधी कमी होते, कधी जास्त. कायम तेवढीच, नेमकी एक इंच, कधीच होत नाही. कायम तेवढीच चूक मापाची असते, माणसाची नाही. हे मी नव्या निरीक्षकांना पहिल्याच दिवशी शिकवते. सातही जणींना नेमका एक इंच, आणि मी सगळ्यांदेखत आत्याला आंधळी ठरवून मोकळी झाले!

तिची टेप शून्यापासून सुरू होत नव्हती. एकापासून होत होती. वहीत ती टेपवर दिसेल ते लिहायची आणि कापताना त्यातून एक कमी करायची. 'एक तिचा' म्हणजे मिळवायचा नव्हता, काढायचा होता. आणि हे दाखवायला आता टेप नाही. ती मी माझ्या हाताने...

बाबा म्हणाले होते, राहू दे, कामाला येईल.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी काकूंच्या गाळ्यात गेले. म्हटलं, "काकू, त्या दिवशी टेपचं काय सांगत होता?"

"आता वेळ आहे का तुला?"

"आहे."

त्यांनी हातातलं काज पूर्ण केलं, दोरा तोडला, मग बोलल्या. बाईमाणसाने सूड घ्यावा तर असा.

"एकदा बटणांची अंतरं घ्यायला मी तिची टेप मागून नेली. सगळ्या शर्टांची वाट लागली. भांडायला गेले, तर हसायला लागली. म्हणे, पहिला इंच नाही त्याला, एक वजा कर. मी म्हटलं, अगं बये, मग नवी घे ना! तर म्हणे, पहिला इंच पैलवानाने शर्यतीत जिंकलाय, उरलेले एकोणसाठ मला पुरतात."

"कुणी जिंकलाय?"

"पैलवानाने. मला काय माहीत कोण पैलवान. गंमत करायची ती. तू निरीक्षक झालीस तेव्हा मात्र घाबरली. म्हणे, आता हिच्यापासून लपवायला हवी. मी म्हटलं, तुला दंड करील म्हणून? तर म्हणाली, छे, दंड नाही करायची, रडत बसेल."

मी दुकानात आले. पैलवानाला उचललं. तीस वर्षं मी ते पदक बघत आलेय.

एक इंच पिवळी पट्टी. रंग उडालेला, तरी कडेला अर्ध्याची आणि पावाची काळी रेघ दिसते. टोकाला पितळेची पत्री, टेपच्या टोकाला असते ती. वरची कड वाकडीतिकडी कापलेली, मोठी कात्री लहान हातात धरल्यावर कापली जाते तशी. आणि ती कड अस्वलाच्या छातीवर शिवलेली आहे बारीक उभ्या टाक्यांनी. असा टाका दुसऱ्या कुणाचा नाही.

मग आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मी सहा वर्षांची, टेबलाखाली. टेप लोंबत होती, टोकाला चमकणारं सोनं. पैलवान शर्यतीत पहिला आला होता. मी सेफ्टी पिन लावून त्याला पदक दिलं. मग वरून आत्याचे पाय थांबले. ती टेप हातात घेऊन उभी असणार. ती वाकली, मला बघितलं, पैलवानाला बघितलं. तिने विचारलं, "हे पदक कुणी दिलं याला?"

मी म्हटलं, "मी नाही. त्याला शर्यतीत मिळालं."

कात्री जागेवर नसली तर चौक डोक्यावर घेणारी बाई. तिने पिनेखालची वाकडी कड बोटाने चाचपली. मग म्हणाली, "मग नीट शिवून टाकू. पिनेवर राहायचं नाही ते."

एवढंच. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. निघाला तो रोज, प्रत्येक शर्टाला, प्रत्येक बाहीला, तोंडात टाचण्या धरून, माझ्या डोक्यावर चार फुटांवर. एक तिचा. आणि मी शहाणी विचारते, कुणाचा एक?

खूप रडले. रडतानाही राग आला. नवी टेप घ्यायला काय झालं होतं, बये! एक टेप! ड्रॉवरमध्ये दोन पडल्या होत्या!

२२ तारीख, शनिवार

गायनवृंदाच्या सरावाला गेले. मध्येच थांबवलं. नऊ जणी, तोंडं उघडी. मी पैलवानाला पिशवीतून काढून त्यांच्या पेटीवर ठेवलं. एक जण दचकून मागे सरकली.

मी म्हटलं, "सोमवारी मी आत्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तिची नजर गेली नव्हती, हातही गेला नव्हता. टेपचा पहिला इंच मी कापला होता, सहा वर्षांची असताना. तिने तीस वर्षं तो मनातल्या मनात वजा केला आणि एकाही गिऱ्हाईकाला कळू दिला नाही. वहीतला एकही आकडा चुकीचा नाही. बेकरीत जसं ते सांगितलंत, तसं आता हेही सांगा."

शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात गेलं. असो.

गाणाऱ्या बाईंनी पैलवान उचलला, चष्मा लावून पदक बघितलं. मग म्हणाल्या, "हा तिचाच टाका."

एकजण म्हणाली, "म्हणजे आम्ही खरंच बारीक झालो नाही?" तेव्हा सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, या महिन्यात पहिल्यांदा.

बेकरीत स्वतःच गेले. बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे माझी कंबर बेचाळीस नाही?"

"एक्केचाळीस."

"वीस वर्षं मला बेचाळीस वाटतेय," म्हणाला आणि आतून कापड घेऊन आला.

२५ तारीख, मंगळवार

पाच जाकिटं झाली, दोन राहिलीत. मोठं कापलं म्हणून निभावलं, लहान कापलं असतं तर सगळं कापडच वाया गेलं असतं. काकू स्वतःहून येऊन काजं करतात. एकेक काज झालं की माझ्याकडे बघतात, मी आता ऐकायला तयार आहे का म्हणून. तयार आहे. आज आत्याने घरमालकाला कसं झापलं ते ऐकलं. ही माझी आत्या, शांत नसलेली.

बाबा आले होते. त्यांना सगळं सांगितलं. ड्रॉवरमधल्या टेप त्यांनीच आणून दिल्या होत्या, दोन वेगवेगळ्या वाढदिवसांना. म्हणाले, "मला सांगायची नाही, नुसती म्हणायची, 'माझी सोडवत नाही रे.' मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी ओरडले मी तुमच्यावर."

"तिच्यावर गेलीस," ते म्हणाले.

टेप मी तिच्याबरोबर दिली याचं काय करू ते अजून कळत नाही. कधी वाटतं, ती माझी सगळ्यात मोठी चूक झाली. कधी वाटतं, ती टेप तिला सोडवत नव्हती, तर बरंच झालं. आज पहिलं जास्त वाटतंय.

२८ तारीख, शुक्रवार

नऊ जणी एका ओळीत उभ्या राहिल्या. निळी जाकिटं. मागच्या रांगेत बसून मी खांदे बघत होते, गाणं ऐकलंच नाही. सगळे खांदे जागच्या जागी. आत्याची दोन कुठली आणि माझी सात कुठली ते मलाही चटकन ओळखता आलं नाही. मग एकीच्या बाहीची कड जरा वळलेली दिसली. ते माझं.

गाणाऱ्या बाईंनी शेवटी आत्याचं नाव घेऊन सांगितलं की जाकिटं तिने शिवलीत. माझं नाव घेतलं नाही. बरोबर केलं. तरी जरा लागलंच, खोटं कशाला लिहू.

१ तारीख, शनिवार

सोमवारपासून कामावर हजर. दुकान शनिवारी उघडं ठेवणार, जमेल तितके शनिवार.

सकाळी सहाही वह्या काढून बसले. म्हटलं, एकदाची मापं दुरुस्त करून टाकू, म्हणजे पुढे घोळ नको. लाल पेनाने एका पानावर साडेपंधराचं साडेचौदा केलं. दुसऱ्या पानावर केलं. तिसऱ्या पानावर तिचं बारीक अक्षर आणि त्यावर माझी लाल रेघ बघितली आणि पेन ठेवून दिलं. खात्यात चुकीच्या मापावर मी अशी रेघ मारते. ही मापं चुकीची नाहीत.

मग माझी टेप काढली. टेबलावर सरळ पसरली, एकाच्या रेघेवर आत्याची मोठी कात्री ठेवली आणि कापली. या वेळी कड सरळ आली. खात्याचा शिक्का नेमका त्याच इंचावर होता. माझ्या तपासणीत कुणी असली टेप वापरताना सापडला असता तर मी जागच्या जागी जप्त केली असती.

अकराच्या सुमारास बेकरीवाला पँट न्यायला आला, आणि शर्टाचं कापडही घेऊन आला. मी माप घेतलं, वहीत त्याच्या पानावर लिहिलं, कापड पसरलं, तोंडात टाचण्या धरल्या.

"छाती चव्वेचाळीस. एक तिचा. त्रेचाळीस."

तो टेबलापाशीच उभा होता. "कुणाचा एक?" त्याने विचारलं.

मी खडूने रेघ मारली. टाचण्या तोंडातून काढल्या नाहीत.

"आत्याचा," म्हटलं.